धाक, मोकळीक आणि मुलाचा नकार

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता, मेहकर-चिखलीकडील रानांतून सोयाबीन व कापूस यांच्या पेरणीची घाई चालली होती. ऐन अशा दिवशी एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलास घेऊन महाविद्यालयातील माझ्या खोलीत आले. मुलगा एकोणीस वर्षांचा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस दोनदा बसला, दोन्ही वेळा गुण कमी पडले. तिसऱ्यांदा त्यास परगावच्या शिकवणीच्या वर्गात ठेवावे, अशी वडिलांची इच्छा. मुलगा मात्र इतिहास घेऊन बी. ए. होऊ म्हणत होता. वडील म्हणाले, “सर, तुम्हीच समजावून सांगा त्याले. दोन एकर गहाण टाकलं म्या त्याच्यापायी. माह्यं तर ऐकतच नाही.” मुलगा खाली मान घालून बसला होता. तो इतकेच म्हणाला, “सर, बाबा म्हणतात ते सगळं खरं आहे. पण माझ्यानं आता होत नाही.”

मी त्या दोघांना आठ दिवसांनी पुन्हा यावयास सांगितले. त्यांनी विचार करावा म्हणून ही मुदत दिली, असे मी दाखविले. वस्तुतः ती मला स्वतःलाच हवी होती. तीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावयास हवे होते, आणि ते नव्हते. त्या आठ दिवसांत जो विचार झाला, तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

मुलांना धाकात वाढवावे की मोकळीक द्यावी, हा वाद अलीकडे बहुधा पूर्व आणि पश्चिम यांच्या नावाने मांडला जातो. २०११ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात कायदा शिकविणाऱ्या एमी चुआ ह्या चिनी वंशाच्या विदुषीने आपल्या दोन मुलींच्या संगोपनाचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, आणि स्वतःस ‘वाघीण आई’ असे नाव घेतले. मुलींनी मैत्रिणींच्या घरी रात्री मुक्कामास जावयाचे नाही, वरच्या श्रेणीहून कमी गुण आणावयाचे नाहीत, पियानो किंवा व्हायोलिन यांखेरीज दुसरे वाद्य हाती धरावयाचे नाही, असे त्या घरातील नियम होते. पाश्चात्त्य पालक मुलांच्या मनास जपण्याच्या भरात त्यांस दुबळे करतात, चिनी आई मुलास बळकट समजून त्याकडून कष्टाची अपेक्षा करते, असा तिचा युक्तिवाद. त्यावर अमेरिकेत केवढे वादळ उठले! तथापि त्या वादळात पुस्तकाचा शेवट पुष्कळांच्या ध्यानातून गेला. धाकटी मुलगी तेराव्या वर्षी उघड बंड करून उठते आणि आईस माघार घ्यावी लागते, ही हकीकतही त्याच पुस्तकात आहे.

आपल्याकडील सुशिक्षित घरांतही हाच वाद हलक्या आवाजात चालू असतो. एकजण म्हणतो, आमच्या वडिलांचा मार खाल्ला म्हणून आम्ही माणसांत आलो. दुसरा म्हणतो, ते दिवस गेले. आता मुलाशी मित्रासारखे वागावे, पाश्चात्त्य लोक पाहा. परंतु पूर्व म्हणजे धाक आणि पश्चिम म्हणजे मोकळीक, हे समीकरण इतिहासाच्या कसोटीस क्षणभरही टिकत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल ह्याचे उदाहरण घ्या. आगरकरांच्या पिढीने ज्याच्या ग्रंथांची पारायणे केली, तो हा तत्त्वज्ञ १८०६ साली लंडनमध्ये जन्मला. त्याच्या बापाने तिसऱ्या वर्षी त्यास ग्रीक भाषा आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. समवयस्क मुलांच्या संगतीपासून त्यास दूर ठेवले. त्या मुलाची विद्या अचाट झाली. परंतु विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, त्याच्या मनाची अशी अवस्था झाली की, ज्या ध्येयांसाठी आपण वाढविले गेलो ती सारी ह्या क्षणी सिद्ध झाली तरी आपणांस आनंद होईल काय, असे त्याने स्वतःस विचारले आणि उत्तर ‘नाही’ असे आले. ती काळोखी पुढे सरली ती एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना. आणि त्यांतही ज्या प्रसंगाने त्याच्या डोळ्यांत पाणी आले तो प्रसंग लहान मुलाच्या बापाच्या मृत्यूचा होता! चुआबाईंच्या दोनशे वर्षे आधी पश्चिमेच्या खुद्द राजधानीत वाघ-बाप होऊन गेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. इंग्लंडमधील सरकारी शाळांतून छडी उठविणारा कायदा १९८६ साली झाला. ज्या मोकळिकीस आपण पाश्चात्त्य संस्कृती म्हणतो, ती तेथे मोठ्या प्रमाणात रुजून अजून शंभर वर्षे झालेली नाहीत.

इकडे चीनचे चित्रही एकरंगी नाही. तेथे सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ सालापर्यंत राज्याच्या नोकऱ्या परीक्षेने दिल्या जात. एका मुलाच्या यशाने सबंध कुळाचे दैव पालटत असे. ज्या समाजात तेरा शतके शिडी एकच होती, तेथील आई मुलाचा हात धरून त्याच शिडीकडे ओढू लागली, तर त्यात नवल ते काय? आणि तिच्या धाकात केवळ जरबच होती असेही नव्हे. तत्त्वज्ञ मेन्शियस ह्याच्या आईने मुलास चांगला शेजार मिळावा म्हणून तीन वेळा बिऱ्हाड हलविले, आणि त्याने अभ्यासात हयगय केली तेव्हा मागावर विणीत असलेले आपले कापड स्वतःच्या हाताने कापून टाकले, अशी कथा तेथे घरोघर सांगतात. वाचकांनी लक्ष द्यावे: तिने मुलाच्या पाठीवर छडी मारली नाही, नुकसान आपल्या श्रमाचे केले. रूथ चाओ ह्या विदुषीने १९९४ साली दाखवून दिले की, चिनी भाषेत मुलास वळण लावण्यासाठी जो ‘गुआन’ हा शब्द आहे, त्यात ताबा ठेवणे आणि काळजी वाहणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आणि आता तर त्या देशाच्या सरकारनेच २०२१ च्या जुलैमध्ये शालेय विषयांच्या नफेबाज शिकवण्यांवर बंदी घातली. धाकाच्या माहेरीच धाकाचे ओझे असह्य झाले होते, असा ह्याचा अर्थ होतो.

मग आपली स्वतःची परंपरा काय सांगते? पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन आणि सोळावे लागताच मैत्री, असा क्रम सांगणारा संस्कृत श्लोक आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. त्यातील मधली दहा वर्षे आपण मन लावून पाळली. सोळाव्या वर्षाचे कलम मात्र सोयीस्करपणे विसरलो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा येथे जिजाबाईंचे जन्मस्थान आहे. दरवर्षी १२ जानेवारीस तेथे लोकांचा सागर लोटतो, आणि ‘आई असावी तर अशी’ हे वाक्य त्या दिवशी कितीतरी व्यासपीठांवरून ऐकू येते. परंतु अशी म्हणजे कशी? ज्या बाईचे वडील व भाऊ १६२९ साली निजामशाही दरबारात दग्याने मारले गेले, जिने पुढे पुणे प्रांतात न्यायनिवाडे केले, जिने १६६६ साली पुत्र आग्र्यास अडकला असता राज्याचा कारभार वाहिला, तिच्या शिस्तीचा पहिला भार तिच्या स्वतःच्याच खांद्यावर होता. आपण जे करीत नाही ते मुलाकडून करवून घेण्याचा प्रश्नच त्या घरात नव्हता. आपण तिच्या नावाने मुलास धाक घालतो. तिने स्वतःस घातलेला धाक मात्र आपणांस नको असतो.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून मराठी घरांत कठोर प्रेमाचे तेच एक प्रमाण मानले गेले आहे. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला ती माउली मारून विहिरीकडे घालविते. पण त्याच्या पाठीवरील वळ पाहून रडतेही तीच. तो वळ तिने पाहिला नसता, तर त्या पुस्तकास मराठी मनात ही जागा मिळाली असती काय?

आता ह्याच्या दुसऱ्या टोकास आमच्या वऱ्हाडाशी संबंध असलेली एक बाई उभी आहे. ताराबाई मोडक विवाहानंतर अमरावतीस राहत होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यास लागल्या. मुलास मारू नये, भिववू नये, लालूच दाखवू नये, ही त्या पंथाची प्रतिज्ञा. ज्या काळी छडीवाचून विद्या येत नाही ही म्हण शाळेशाळेत खरी मानली जाई, त्या काळी असे बोलणे म्हणजे खुळेपणाच वाटला असेल. तथापि ताराबाईंची मोकळीक म्हणजे मुलास वाऱ्यावर सोडणे नव्हे. मुलाच्या हाताच्या मापाची साधने करावयाची, तो काय उचलतो, कोठे रमतो, कोठे अडतो, हे तासन्‌तास पाहत बसावयाचे. पुढे १९४५ पासून बोर्डीच्या परिसरात काम करताना आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा ताराबाई बालवाडीच त्यांच्या पाड्यांवरील अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी ह्या शब्दाचे मूळ तेथे आहे. छडी उगारावयास क्षण पुरतो. ह्या मोकळिकीस एक आयुष्य लागले.

येथे मला स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. माझे तीर्थरूप प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि फार कडक होते. पहाटे उठवून पावकी-निमकी म्हणवून घेत. चुकल्यास कान पिरगाळीत. त्याचा राग माझ्या मनात पुष्कळ वर्षे होता. त्या रागापोटीच मी निश्चय केला की, आपल्या मुलावर कधी हात उगारावयाचा नाही, आवाज चढवावयाचा नाही. तो निश्चय मी तडीस नेला आणि मनातल्या मनात स्वतःस सुधारक म्हणवून घेत राहिलो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला. एकदा सुटीत आला असता गोष्टीवरून गोष्ट निघाली आणि तो सहज म्हणाला, “बाबा, तुम्ही माझ्यावर कधी रागावला नाहीत हे खरं. पण मी काय करतो हे तुम्ही कधी विचारलंही नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. मला तेव्हा आठवले की, पहाटे मला उठविणारे वडील माझ्याही आधी उठलेले असत. कंदिलाची काच पुसून ठेवलेली असे, आणि माझे पाढे संपेपर्यंत ते शेजारी बसून राहत. कान पिरगाळणे चूकच होते. ते आज मी समर्थनीय मानीत नाही. परंतु त्या चुकीबरोबर त्यांनी आपली पहाट मला दिली होती. मी माझ्या मुलास मोकळीक दिली, ती बहुतांशी माझ्या स्वतःच्या सवडीसाठी.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील डायना बॉमरिंड यांनी १९६६ च्या सुमारास पालकांचे तीन वर्ग सांगितले. एक, कारण न सांगता हुकूम करणारे. दुसरे, मागणी काहीच न करता मुभा देणारे. तिसरे, नियम ठाम ठेवून त्यांची कारणे सांगणारे आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेणारे. पुढे १९८३ साली इतर संशोधकांनी मुभा देणाऱ्यांचे पुन्हा दोन भाग केले: प्रेमापोटी मुभा देणारे आणि लक्ष नसल्यामुळे मुभा देणारे. बाहेरून ही दोन घरे सारखी दिसतात. आत राहणाऱ्या मुलास मात्र भेद अचूक कळतो.

येथवर आलो तेव्हा मला वाटले की, आपणांस उत्तर सापडले: धाक किंवा मोकळीक यांपैकी काहीही असो, त्यात पालकाचा स्वतःचा जीव किती खर्च झाला हे पाहावे. परंतु लगेच तो शेतकरी डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने तर जमीन गहाण टाकली होती! जीव खर्च करण्यात त्याने काय कमी केले? उलट, त्याचा त्यागच मुलाच्या छातीवर धोंड होऊन बसला होता. जो बाप काही देत नाही त्यास ‘नाही’ म्हणणे सोपे. ज्याने सर्वस्व दिले त्यास कोणत्या तोंडाने म्हणावे? तेव्हा प्रश्नाचे खरे मूळ येथे आहे: आईबापांनी मुलासाठी जे केले, ते कर्ज आहे काय? आणि असल्यास ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे?

पितृऋण हा शब्द आपण नेहमी वापरतो, आणि बापाने केलेल्या उपकारांची बापासच परतफेड, असा त्याचा अर्थ समजतो. परंतु वेदकालापासून सांगत आलेली जी तीन ऋणे, त्यांचा हिशेब निराळाच आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने, आणि पितरांचे फिटते ते प्रजेने, म्हणजे पुढील पिढीने. हे कर्ज घ्यावयाचे मागून आणि फेडावयाचे पुढे. बाप ह्या व्यवहारात सावकार नाहीच. त्यानेही आपल्या बापाकडून घेतलेलेच तो पुढे देत असतो. मग ‘मी तुझ्यासाठी इतके केले, म्हणून तू अमुक हो’ असे म्हणण्याचा अधिकार त्यास कोठून आला? मुलाची सेवा, माया, म्हातारपणीचा आधार यांवर आईबापांचा हक्क आहे, ह्यात संशय नाही. परंतु मुलाच्या आयुष्याची दिशा ही तारण ठेवलेली वस्तू नव्हे.

ह्या संबंधात आगरकरांची आठवण होते. अत्यंत दारिद्र्यात, वऱ्हाडात अकोल्यास राहून त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आपल्या आईस पत्र लिहिले, ते महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मुलगा मोठा पदवीधर झाला, आता मोठ्या पगाराची चाकरी लागून आपले पांग फिटतील, अशी आशा तू बाळगू नकोस. पोटापुरत्या मिळकतीत संतोष मानून मी लोकहितासाठी आयुष्य वेचणार, अशा आशयाचे ते पत्र. त्यानंतर १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. आपण आगरकरांची थोरवी गातो. त्या माउलीच्या मनात ते पत्र ऐकताना काय झाले असेल, ह्याचा विचार करीत नाही. आज आपल्या घरी असे पत्र आले तर? मला वाटते, संगोपनाची परीक्षा मुलाच्या गुणपत्रिकेत होत नाही. ती असे पत्र येते त्या दिवशी होते. ज्या धाकातून असा नकार देण्याचे बळ आणि तो नम्रपणे देण्याची रीत, दोन्ही निपजतात, तो धाक वाईट म्हणवत नाही. आणि ज्या मोकळिकीत वाढलेल्या मुलास कशालाच ‘नाही’ म्हणता येत नाही, स्वतःच्या आळसालाही नाही, ती मोकळीक कसली? मिलने आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे की, शिक्षणातून भय अजिबात काढून टाकता येईल असे त्यास वाटत नाही. मात्र भयाचे प्राबल्य झाले की पुढच्या काळात जी माया आणि जो विश्वास असावयास हवा, त्याची वाट बुजते. ज्याने हे सोसले त्याचे हे मत आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका समजत नाही. ‘तुमचे सर्व ठीक, तुमचा पगार दरमहा येतो. पावसावर पोट असलेल्या घरास मुलाचा नकार परवडतो काय?’ खरे आहे. मोकळीक ही पुष्कळ अंशी ऐपतीची गोष्ट आहे. चिनी आईपुढे जशी एकच शिडी होती, तशीच आमच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढेही आज एकच दिसते, आणि तिच्या पायथ्याशी लक्षावधी मुले दाटली आहेत. तेव्हा बापाच्या हट्टास केवळ अहंकार म्हणणे अन्याय होईल. त्यात भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही. परंतु भीती खरी असली म्हणून तिचा उपाय खरा ठरत नाही. राजस्थानातील कोटा शहरात २०२३ साली शिकवणीस आलेल्या वीसहून अधिक मुलांनी जीव दिला; वसतिगृहांच्या खोल्यांतून जीव वाचविणारी साधने बसविण्याचा हुकूम तेथील प्रशासनास काढावा लागला. त्या मुलांच्या आईबापांचे प्रेम कमी होते, असे कोण म्हणेल? कित्येकदा आपण मुलास हरण्याची परवानगी द्यावयाची राहून जातो, आणि ती मागावी हे मुलास सुचत नाही, किंवा मागण्याचा त्यास धीर होत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलाने तो धीर केला होता. ‘माझ्यानं आता होत नाही’ हे चार शब्द त्याच्या वडिलांना पराभव वाटले. त्या वडिलांनी घरात इतकी माया ठेवली होती, म्हणूनच ते शब्द त्याच्या तोंडून निघू शकले, असे मला आता वाटते.

आठ दिवसांनी दोघे आले. मी त्यांस म्हटले, “येथे दोन कर्जे आहेत आणि आपण ती एकत्र करीत आहोत. गहाणाचे कर्ज खरे आहे. ते फेडण्यास मुलाने हातभार लावलाच पाहिजे, आणि कसा लावणार ते त्याने आज तुमच्यासमोर सांगावे. दुसरे जे तुम्ही त्याला वाढविलेत ते. ते तुम्हांस परत द्यावयाचे नाही, त्याने ते आपल्या मुलांना द्यावयाचे आहे.” मुलगा म्हणाला, तो सकाळी महाविद्यालयात येईल आणि दुपारनंतर शेतात राबेल, शिवाय स्पर्धापरीक्षेचीही खटपट करील. वडिलांनी विचारले, “अन् हेही नाही झालं तं?” ह्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि नाही असे मी त्यांस सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग प्रवेशाचा अर्ज घडी करून त्यांनी खिशात ठेवला व म्हणाले, “पेरणी होऊ द्या, सर. मंग पाहू.” होकार नव्हता; पण आठ दिवसांपूर्वीचा नकारही उरला नव्हता.

ते गेल्यावर मी पुण्यास मुलाला पत्र लिहावयास बसलो. हल्ली पत्रे कोणी लिहीत नाही. पण दूरध्वनीवर जे विचारता आले नसते, ते कागदावर विचारता येईल असे वाटले. ‘तू तेथे काय करतोस, तुझे दिवस कसे जातात, सविस्तर लिही’ इतकेच त्यात लिहिले. हे विचारावयास मला पंचवीस वर्षे उशीर झाला, हेही लिहिले. त्याचे उत्तर आले. चार पाने होती. ते मी अजून जपून ठेविले आहे.